सुभद्रावहिनी, ढोलाशिवाय

‘आवाज स्वच्छ करायचा का?’ असं फोनने मला विचारलं आणि मी ‘हो’ म्हटलं. एवढंच मी केलं. घरात कोणी काहीही स्वच्छ करायचं का असं विचारलं, की एरवी मी ऐकूच न आल्यासारखं करतो. पंखे, माळा, स्कूटरचा प्लग, सगळ्यांना माझ्याकडून हाच न्याय आहे. पण हा फोन नवा होता. आमच्या नूपुरने बापासाठी पुण्याहून पाठवलेला. आणि त्याच्या विचारण्यात इतकी अदब होती, की लेकीच्या घरून आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, असं वाटून मी बोट टेकवलं.

व्हिडिओ मारबतीचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. बांबू, कागद आणि कापडाच्या या दोन अवाढव्य बाया गावातली रोगराई आणि साडेसाती सोबत घेऊन जातात आणि शेवटी जळून जातात. त्यांच्या मागे बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत असतात, ‘घेऊन जा गे मारबत!’ काय घेऊन जा, ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी डेंग्यू देतं, कोणी रस्त्यातले खड्डे. एक गृहस्थ, त्यांनीच सांगितलं म्हणून ठाऊक, दरवर्षी आपल्या साहेबाचं नाव घेऊन ओरडतात. साहेब बदलतात, नाव बदलतं, गृहस्थांची तळमळ तीच.

ओरडायला भीती नसते, कारण ऐकू कोणालाच येत नाही. ढोल, ताशे आणि गाडीवर रचलेले डीजेचे डबे यांच्यामध्ये उभं राहिलं, की आपलंच बोलणं आपल्याला हनुवटी हलते त्यावरून कळतं. नागपूरची माणसं त्या एका दिवशी काय काय बोलून मोकळी होत असतील, ते त्यांनाच ठाऊक.

यंदा आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको तारा, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे होतो. शेजारी आमच्या सुभद्रावहिनी. आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. माहेर इतवारीतलंच, दोऱ्या-सुतळीच्या दुकानाच्या मागे, त्यामुळे मारबत ही त्यांच्या दृष्टीने माहेरची बाई. मी एका बडग्याचा व्हिडिओ काढत होतो. त्याच्या कडेला वहिनींचा अर्धा चेहरा, वर केलेला हात आणि उघडलेलं तोंड आलं होतं.

घरी येऊन जेवलो. तारा आडवी झाली, म्हणून मी फोनचा आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहिला. बडगा छान आला होता. मग तो अदबीचा प्रश्न आला, मी ‘हो’ म्हटलं, आणि व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, ‘मारबतीच्या हार्दिक शुभेच्छा.’ मारबतीच्या शुभेच्छा कोणी देत नसतं, हे मला नंतर ताराने सांगितलं. पण तोवर त्याहून मोठा घोळ झालेला होता.

फोनने आपलं काम चोख केलं होतं. ढोल काढला, ताशे काढले, डीजे काढला, हजारो माणसं पुसून टाकली. आणि फोनच्या सगळ्यात जवळ जो आवाज होता, तो घासून-पुसून लख्ख करून ठेवला होता:

‘माह्या सासूले घेऊन जा गे मारबत! घेऊन जा वं माय! थकली मी आता, लय थकली!’

* * *

सुभद्रावहिनी आमच्या कॉलनीतल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाई. कमी म्हणजे दुसऱ्याशी दुसऱ्याबद्दल कमी. त्यांच्या घरामागे दोन पायऱ्या आहेत. दुपारी कॉलनीतल्या बाया तिथे निवडायची भाजी घेऊन येतात आणि भाजीसोबत मन निवडून जातात. वहिनी ‘हं’ म्हणतात, मेथीची पानं खुडत राहतात, आणि शेवटी ‘चाल बाई, पोळ्या लाटाच्या हायेत’ म्हणून उठतात. त्यानंतर ते बोलणं या पृथ्वीतलावर कुठेच सापडत नाही. आमची तारा काही वर्षांपूर्वी माझ्यावर रागावून तासभर त्या पायरीवर बसली होती. ती तिथे काय बोलली ते काढून घ्यायला मी वहिनींना आंब्याची पेटी दिली, त्यांच्या नळाचा वायसर बदलून दिला, रजतच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या नोकरीसाठी चार लोकांना फोन केले. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमी वायसर लय चांगलं बसवलं.’ विषय संपला.

रजत आता हैदराबादला असतो. महादेवराव, वहिनींचे यजमान, पाणीपुरवठ्यात होते. ते गेल्यापासून त्या घरात दोघीच. वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, यमुताई.

यमुताईंचं वय नव्वदीच्या आसपास कुठेतरी आहे; त्या स्वतः ते दर वेळी वेगळं सांगतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहेत. कान गेले आहेत, जीभ शाबूत आहे. त्यामुळे त्या घरातला संवाद सासूच्या बाजूने सवयीने आणि सुनेच्या बाजूने नाइलाजाने, असा दोन्हीकडून वरच्या पट्टीत चालायचा, आणि भिंतीला भिंत असल्यामुळे आम्हाला घरबसल्या मिळायचा.

‘सुभद्रे! वरणात मीठ काहून नाई टाकलं?’

‘डाक्टरनं बंद केलं!’

‘डाक्टर तुया माहेरचा हाय का वं?’

‘हाव! मामेभाऊ हाय! तोंड उघडा!’

‘मी नाई जेवत. मरतो मी आज.’

‘आधी जेवा, मंग मरा!’

हे रोजचं होतं. पाहुण्याला वाटावं, आत डोकी फुटली. पण त्याच वेळी खिडकीतून पाहिलं, तर वहिनी पोळी दुधात कुस्करून, चमच्याने घास पुढे करून बसलेल्या असत, आणि यमुताई मरायचं पुढे ढकलून तोंड उघडत असत. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, पुन्हा दुसरी कूस. त्या म्हातारीच्या पाठीला कधी जखम झाली नाही, हे आमच्या कॉलनीतल्या एका नर्सबाईंनीच ताराला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना आश्चर्य वाटत होतं.

वहिनी मात्र कधी कुठे म्हणाल्या नाहीत, की मी दमले. सगळ्या कॉलनीचं दमणं त्यांच्या पायरीवर यायचं. त्यांना मात्र दुसऱ्याची पायरी नव्हती. वर्षातून एकदा इतवारी होती, आणि तिथे ढोल होते.

* * *

ग्रुपवर आधी हसणारी पिवळी तोंडं आली. मग कोणीतरी लिहिलं, ‘वहिनी रॉक्स’. मग आणखी एकाने लिहिलं, ‘घरोघरी हेच हाय बाप्पा’. मला वाटलं, बडग्याचं कौतुक चाललंय. मी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते चित्र आठवलं, की अजूनही जेवताना माझा घास तोंडापर्यंत येऊन थांबतो.

चहाच्या वेळी ताराने तिच्या फोनवर व्हिडिओ लावला, आवाजासकट. कपबशी हातात तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

‘अहो, तुम्ही हे ऐकलं होतं?’

मी ऐकलं नव्हतं. ते मी तिथे, त्या खुर्चीत, पहिल्यांदा ऐकलं. काढून टाकायला गेलो, तर कोणीतरी तो कॉलनीबाहेर पाठवलाही होता. रात्र पडायच्या आत तो कामठीला पोहोचला. कामठीला शोभाताई राहतात. यमुताईंच्या लेक, वहिनींच्या नणंदबाई.

शोभाताई दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी करूनच आल्या. फाटक उघडताना आमच्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आपल्यावरच येतात. पण त्या आत गेल्या. मी भिंतीला कान लावायची गरज नव्हती. लावला नाही, एवढंच सांगतो.

‘बाई गं, आईले मारबतीसंगं धाडाले निघाली तू?’

पाण्याचा पेला टेकवल्याचा आवाज आला, वहिनींनी ठेवला असावा.

‘सांग नं! आता काहून तोंड शिवलं? तिथं तं मोठी वरडून राहिली होती!’

तेव्हा यमुताईंनी विचारलं, काय झालं, काहून चिल्लावता. आणि शोभाताईंनी फोन त्यांच्या कानाला लावला.

यमुताईंना दाराची घंटा ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं त्यांनी सुनेचं कुठलंही वाक्य निम्म्याहून जास्त ऐकलेलं नाही. पण माझ्या फोनने ते वाक्य इतकं निर्मळ केलं होतं, की ते त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं.

मग यमुताई म्हणाल्या, ‘माही कवळी आण.’ वहिनींनी आणली असावी. ‘शाल आण.’ तीही आणली. ‘चाल शोभे.’

त्यांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. वहिनी गाडीच्या मागे-पुढे करत होत्या. स्वतःच्या बाजूने एक शब्द नाही. नुसतं सांगत होत्या, ‘गोळी कुस्करून केळात द्या ताई, पाण्यासंगं ठसका लागते. उजव्या कुशीवर जास्ती वेळ नोका ठेवू. अन् झोपताना पायाच्या मंधी उशी...’

‘मले नोको शिकवू तू,’ शोभाताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

गाडी गेली. आपण मारबतीला जे दिलं ते मारबत खरंच घेऊन जाते, असं बघणं सहसा कोणाच्या नशिबी येत नाही. वहिनी फाटकात उभ्या होत्या, हातात ती पायात ठेवायची उशी. मी आमच्या खिडकीच्या पडद्यामागे होतो. पूर्ण वाढ झालेला, निवृत्तिवेतन घेणारा माणूस पडद्यामागे.

* * *

संध्याकाळी रजतचा हैदराबादहून फोन आला. ‘काका, तुम्ही असं कोणाचंही रेकॉर्डिंग काढून टाकू शकत नाही. यावर केस होऊ शकते.’ मी म्हटलं, ‘रजत, बेटा...’ त्याने फोन ठेवला.

आणि मला जे वाटलं ते सांगायलाच हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मला वहिनींची आठवण झाली नाही. मला पोलीस चौकीचं बाकडं आठवलं. त्याच्यावर बसलेला मी दिसलो, शेजारी एक मोबाइलचोर, आणि तो मला विचारतोय, ‘काका, तुमी कायमंधी?’

माझा भाचा उन्मेष वकील आहे. सदरला त्याचं ऑफिस आहे, एका चष्म्याच्या दुकानावर. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन बसलो. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा हसला, मग माझं तोंड बघून थांबला.

‘मामा, कुठे काढला हा?’

‘इतवारीत. रस्त्यावर.’

‘चोरून? दाराच्या फटीतून वगैरे?’

‘अरे, छातीसमोर फोन धरून. बडग्याचा काढत होतो.’

‘मग कशाला घाम पुसता? हे पाहा. बाई तिच्या घरात, तिच्या खाजगी क्षणी असती आणि तुम्ही लपून काढला असता, तर मी तुमची केस घेतली नसती, मामा असलात तरी. दोघं जण फोनवर बोलताहेत आणि तिसऱ्याने तार लावून ऐकलं, तेही वाईट. पण भर रस्त्यात, मिरवणुकीत, हात वर करून ओरडणारा माणूस... तिथे शंभर लोकांच्या हातात फोन होते. काढल्याबद्दल तुम्हाला कोणी धरत नाही.’

‘आणि ग्रुपवर टाकल्याबद्दल?’

‘काढणं वेगळं, पसरवणं वेगळं. खाजगीपणाचा हक्क आहे, तो मोठा हक्क आहे. कोणी दावा लावलाच तर त्याच्यावर बोलता येईल. पण तिने म्हटलं ते तिनेच म्हटलंय, तुम्ही तिच्या तोंडात घातलं नाही.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘तो ढोल मात्र तुम्ही काढलात. म्हणजे तिथे जे होतं ते जसंच्या तसं राहिलं नाही. एखादा हुशार वकील यावरून तुम्हाला छळेल. पण छळेल फक्त. बहुतेक काही होणार नाही.’

बहुतेक काही होणार नाही! मी जिना उतरलो तो दहा वर्षांनी तरुण होऊन. खाली एका टपरीवर तर्री पोहे खाल्ले. वर आणखी तर्री मागून घेतली. नाकातून पाणी आलं, ते रुमालाने पुसत घरी आलो आणि ताराला सगळं सांगितलं. काढणं वेगळं, पसरवणं वेगळं, खाजगी जागा, सार्वजनिक जागा, सगळं अगदी उन्मेषच्या ढंगात.

ताराने ऐकून घेतलं. ‘म्हणजे तुम्हाला काही होणार नाही.’

‘बहुतेक नाही.’

‘आणि तिचं काय होणार, ते विचारलं का वकिलाला?’

तर्री पोटात फार वेळ जळत राहिली.

* * *

मी वहिनींकडे गेलो. मागच्या दाराने, कारण पुढच्या दारातून जायची हिंमत नव्हती. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. बाया येईनाशा झाल्या होत्या. काही जणींना वाटलं, आता तिला काय तोंड दाखवायचं. आणि काही जणींना, ताराने सांगितलं, वेगळीच धास्ती पडली होती. भिंतीपलीकडे ‘तो फोनवाला’ राहतो. आपण त्या पायरीवर काय काय बोलून बसलो असू!

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावर मऊ भाताची वाटी होती, दुधात कालवलेली. माझ्याकडे पाहून त्यांनी ती जरा आत सरकवली.

‘सवयीनं झाला,’ त्या म्हणाल्या.

मी माफी मागायला गेलो होतो. देवाशपथ माफीच मागायची होती. पण तोंड उघडलं आणि त्यातून उन्मेष बाहेर पडला. ‘वहिनी, मी वकिलाला विचारून आलो. कायद्याने तसं पाहिलं तर सार्वजनिक रस्त्यावर...’

वहिनी ऐकत राहिल्या. पूर्ण ऐकलं. त्यांची तशी सवयच. मग म्हणाल्या, ‘बरं झालं भाऊजी. तुमाले तरास नाई न होनार?’

टोमणा असता तर सोसला असता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, याने मी पुरता मेलो.

‘वहिनी, तुम्ही माझ्यावर रागवा,’ मी म्हटलं.

‘रागवून काय होते? त्याईले तिकडं झोप नाई लागत म्हनते. ताईच्या शेजारनीचा फोन होता. रातभर मले हाका मारून राहिल्या.’ त्या ओटा पुसायला लागल्या. पुसलेलाच पुन्हा पुसला. ‘मी जाऊ कशी? काय तोंडानं जाऊ? म्हनलं तं मीच हाय. खोटं तं नाई. त्या येळेले मनात होतंच माह्या.’

मग मी म्हटलं, मी जातो. तुम्ही नाही, मी.

* * *

कामठीला शेअर ऑटोने गेलो. जरीपटक्याहून एक जोडपं चढलं. त्यातल्या बाई मारबतीचा कुठलासा व्हिडिओ बघून हसत होत्या. कुठला होता ते मी पाहिलं नाही. मान बाहेर काढून रस्ताभर धूळ खात बसलो.

शोभाताईंच्या घरामागे यंत्रमाग आहेत. दिवसभर खटखट चालू. यमुताईंची खाट त्याच भिंतीला लावली होती. शोभाताईंनी मला पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘आता काय बाकी राह्यलं?’ त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्या आईला उचलू शकत नव्हत्या, दमा होता त्यांना. हे कॉलनीत कोणाला माहीत नव्हतं. आम्ही त्यांना ‘गाडी करून आलेली नणंद’ करून ठेवलं होतं.

मी यमुताईंच्या खाटेजवळ बसलो. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला.

‘तूच का गा? फोटोवाला?’

‘हो, मीच.’

‘भिंत हालते इथं. खाट हालते,’ त्या म्हणाल्या. ‘ऐकू काईच येत नाई, पन हालून राहिली मी दिवसभर.’

मी त्यांच्या कानाशी वाकून, ओरडून, म्हटलं, ‘यमुताई, चूक माझी आहे! वहिनींचं काही चुकलं नाही! चला घरी!’

‘तिनं म्हनलं ते खोटं हाय का?’

‘नाही, पण...’

‘खोटं नाईच. मीबी रोज देवाले तेच म्हनतो, उचल मले, उचल मले. मरनाचं नाई वाटत मले काई.’ त्यांचे ओठ कवळीशिवाय आत गेले होते. ‘घरात म्हनाची न ती! माह्या तोंडावर म्हनाची! रोज म्हनते, आधी जेवा मंग मरा. हासतो आमी. मंग भर इतवारीत, चार लोकाईत, माह्या माघारी काहून सांगितलं? माहं हसं केलं तिनं.’

तेव्हा मला कळलं, की त्यांना नेमकं काय लागलं आहे. आणि ते वहिनींनी केलेलंच नव्हतं.

‘नाही सांगितलं हो!’ मी ओरडलो. ‘कोणालाच नाही सांगितलं! तिथे ढोल होता! ताशे होते! शेजारी मी उभा होतो, मलासुद्धा ऐकू आलं नाही! त्या नुसत्या ओरडल्या! ढोल मी काढला, फोनमधून! म्हणून ऐकू आलं!’

‘ढोल काढला म्हंजे?’

समजावून सांगितलं. फोनने कसं विचारलं, मी कसं ‘हो’ म्हटलं. पलीकडचे माग, अलीकडे मी, सगळा मोहल्ला ऐकत असणार. आयुष्यात इतक्या मोठ्या आवाजात मी स्वतःचा मूर्खपणा कधी सांगितला नव्हता. यमुताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अर्धं ऐकून, अर्धं ओठांवरून घेत होत्या.

‘म्हंजे तिनं ढोलात म्हनलं?’

‘ढोलात!’

‘कोनालेच नाई?’

‘कोणालाच नाही!’

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, ‘मंग तू तं चोरच झाला गा.’ आणि थोड्या वेळाने, ‘शोभे! माही कवळी आण!’

* * *

यमुताई परत आल्या. शोभाताईंनीच आणून सोडल्या. फाटकात नणंद-भावजय एकमेकींशी काय बोलल्या माहीत नाही. दोघी पदराने डोळे पुसत होत्या, एवढं मी पाहिलं. म्हणजे मी अजून बघतच होतो. मग आत जाऊन पडदा सारखा केला. ताराला म्हटलं, ‘झालं बुवा. सुटलो.’

दुपारी जेवणाची वेळ झाली. मी भिंतीकडे पाठ करून, पण कान तिकडेच ठेवून बसलो होतो. एखादी आवडती मालिका पुन्हा सुरू व्हावी, तसं वाटत होतं. आता ऐकू येईल, ‘मीठ काहून नाई टाकलं?’ आता येईल, ‘तोंड उघडा!’

पलीकडे चमच्याचा आवाज आला. मग वहिनींचा. मला प्रयत्नाने ऐकावा लागला.

‘आई, थोडं घेता का?’

‘पुरे बाई.’

‘बरं.’

एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. यमुताई मिठाचं नाव काढत नव्हत्या. वहिनी त्यांच्या कानाशी वाकून हळू बोलत होत्या, आणि यमुताईंना ऐकू आलं नाही तर ‘राहू द्या’ म्हणत होत्या. एक म्हातारी आणि एक होऊ घातलेली म्हातारी एकमेकींशी अशा वागत होत्या, जशा बँकेच्या खिडकीवर दोन अनोळखी बाया. हे सगळं एवढ्यासाठी, की भिंतीला भिंत होती आणि पलीकडे मी होतो. दिवाळी आली, गेली. त्या घरातून एकदाही मोठा आवाज आला नाही. यमुताई दिवसेंदिवस कमी जेवायला लागल्या. वहिनींनीच ताराला फाटकातून सांगितलं, ‘भांडल्याशिवाय त्याईच्या घशाखाली उतरत नाई वं, अन् भांडता तं येत नाई आता.’

ताराने ते मला सांगितलं. वहिनींनी तिला सांगितलेली आणि तिने मला सांगितलेली, एवढ्या वर्षांतली ही पहिली गोष्ट.

मग एका दुपारी मी फोन बंद केला, कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली ताराला दिली आणि वहिनींच्या मागच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. त्या एकट्याच मेथी निवडत होत्या. आत यमुताईंची खाट दिसत होती. वाटी खाटेजवळच्या स्टुलावर भरलेली, तशीच.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘आता भीती ठेवू नका. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. पूर्वीसारखं बोला, ओरडा, भांडा. हे बघा.’ मी दोन्ही हात उघडे करून दाखवले, सदऱ्याचा खिसा उलटा केला. ‘मी फोन घरी ठेवून आलोय.’

वहिनींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. माझ्या हातांकडे, मग खिशाकडे, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

‘कान तं आणलेच न जी?’